धाकट्याची उघडी गाडी

दसऱ्याच्या सकाळी माझा धाकटा भाऊ आमच्या घरापुढे गाडी घेऊन आला, तिला छत नव्हतं. म्हणजे होतं, पण ते घडी होऊन मागच्या सीटच्या पाठीमागे एका झाकणाखाली जाऊन बसलं होतं. जर्मन बनावट, गर्द निळा रंग, लांबच लांब बॉनेट, दोनच दारं आणि आत बिस्किटी रंगाचं चामडं. गल्लीतल्या लोकांनी आपापल्या स्कूटरींची पूजा अर्धवट सोडली आणि सगळे आमच्या फाटकाशी जमले.

आई काठी टेकत बाहेर आली. तिने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. भावाने चाकांखाली लिंबं ठेवली. मी तेवढ्यात वाकून पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून आत पाहत होते, ब्रेकची डिस्क केवढी आहे ते. माझ्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या परातीएवढी होती.

"ताई, कशी वाटली?" भावाने विचारलं.

"रंग बरा आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा जरा पडला. मला ते दिसलं आणि मी आत चहा टाकायला गेले. गॅसपाशी उभी राहून मी बाहेरचा गलका ऐकत होते. कोणीतरी त्याला म्हणालं, "डॉक्टरसाहेब, अशी गाडी आख्ख्या नागपुरात किती जणांकडे असंन!" भावाचं हसणं ऐकू आलं. चहा उतू गेला.

मी गाड्या शिकवते. नागपुरातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइलच्या मुलांना चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आता निवृत्ती जवळ आली आहे. भाऊ हाडांचा डॉक्टर आहे, धंतोलीत त्याचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. पार यवतमाळ-गडचिरोलीपासून लोक मोडलेले हातपाय घेऊन त्याच्याकडे येतात. त्याच्या हाताला गुण आहे असं म्हणतात, आणि ते खोटं नाही.

आम्ही वाढलो उमरेडला. बाबा तिथल्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते. बारावीनंतर मला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळत होती. "पोरीले एवढ्या लांब कशाले?" असं म्हणून बाबांनी मला नागपुरात नातेवाइकांकडे ठेवलं आणि डिप्लोमाला घातलं. पुढे काही वर्षांनी भावाचा नंबर मुंबईला मेडिकलला लागला, तेव्हा बाबांनी साऱ्या कॉलनीत पेढे वाटले आणि स्वतः जाऊन त्याला होस्टेलवर सोडून आले. माझी डिग्री मी नोकरी करत, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मिळवली. हा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही. मीही काढत नाही. पण ती निळी गाडी फाटकाशी उभी राहिली आणि तो माझ्या मनात आपोआप निघाला.

त्या गाडीत काय आहे हे त्या गल्लीत फक्त मला ठाऊक होतं, हे खरं दुखणं. दरवर्षी चासीचा धडा शिकवताना मी संत्रा बर्फीचा रिकामा डबा वर्गात नेते. झाकण लावलेला डबा दोन्ही हातांनी पिळायचा. पिळला जात नाही. झाकण काढून पिळला की जिलबीसारखा वाकडा होतो. गाडीचंही तसंच. छत म्हणजे नुसती सावली नव्हे, सगळ्या सांगाड्याला ताठ धरणारं ते झाकण आहे. ते काढलं की गाडी खड्ड्याखड्ड्यावर पिळवटते, दारं कुरकुरतात, समोरच्या काचेची चौकट थरथरते. मग कारखानेवाले काय करतात, तर दाराखालचे उंबरे जाड करतात, तळाशी फुलीसारख्या आडव्यातिडव्या पट्ट्या ठोकतात, काचेच्या चौकटीत पोलादी नळी घालतात. म्हणून छत काढलेली गाडी छतवाल्या गाडीहून जड असते. हे ऐकून पोरं दरवर्षी हसतात. मी दरवर्षी हे सांगत आले, आणि अशा गाडीत आयुष्यात एकदाही बसले नव्हते.

भावाने मला पहिल्यांदा फिरवायला नेलं ते पुढच्या रविवारी. वर्धा रोडला लागण्याआधी एका सिग्नलवर तो थांबला आणि बटण दाबून त्याने छत उघडलं. मागचं झाकण वर उचललं गेलं, कापडी छत काचेपासून सुटलं, मधून मोडलं, घडी होत मागे गेलं, आणि झाकण वरून बसलं. हिरवा दिवा लागण्याआधी सगळं आटोपलं. आवाज जवळजवळ नाही. खालून तेलाच्या पंपाची बारीकशी घरघर, तीही कान देऊन ऐकली तर. शेजारच्या मोटरसायकलवाल्याने मोबाइल काढून व्हिडिओ घेतला आणि विचारलं, "भाऊ, ॲव्हरेज किती देते?"

"देते गा, देते," भाऊ म्हणाला आणि निघाला.

तो ती गाडी कशी चालवत होता ते पाहून माझा जीव वरखाली होत होता. सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं इंजिन होतं. अशा इंजिनात एका पिस्टनचा धक्का दुसरा पिस्टन जिरवतो, म्हणून ते रेशमासारखं फिरतं आणि जसजसं वर न्यावं तसतसा त्याचा सूर मोकळा होत जातो. भाऊ ते वर नेतच नव्हता. जरा वेग आला की पाय काढायचा, मग दचकून ब्रेक मारायचा, मग पुन्हा पाय. सस्पेन्शन मऊ करायचं की कडक, याची बटणं त्याच्या हाताशी होती. त्याने त्यांना हातही लावला नव्हता.

"ते बटण कशाचं आहे माहीत आहे का?" मी विचारलं.

"कोणतं? हे? असंन काहीतरी. शोरूमवाल्यानं सांगितलं होतं." मग माझ्याकडे बघून, "ताई, काहून गप्प बसून राहिली? मजा नाही येत?"

मी गप्प होते कारण मी आरशाकडे पाहत होते. पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीला आतला आरसा टांगलेला असतो, आणि उघड्या गाडीचं सगळं दुबळेपण त्या आरशात उतरतं. मी वाट पाहत होते तो हलण्याची. तो हलेना. गतिरोधक गेला, हलला नाही. पुलाचा सांधा गेला, हलला नाही. कुठल्याशा जर्मन माणसाने माझा बर्फीचा डबा इतका घट्ट बांधला होता की त्याला झाकणाची गरजच उरली नव्हती. त्या न पाहिलेल्या माणसाचाही मला राग आला. तो माझ्याच वयाचा असेल, त्याला कोणी अडवलं नसेल, असं काहीबाही मनात येत राहिलं.

परतताना पाइपलाइनसाठी रस्ता खणून नुसतीच गिट्टी टाकून बुजवला होता, तिथे एक चाक खाली गेलं आणि आरसा थरथरला. अगदी बारीक, क्षणभर. मागच्या बसचं प्रतिबिंब त्यात दोनदा दिसलं. मला इतका आनंद झाला की भावाने विचारलं, "काय झालं? हसून काहून राहिली?"

घरी आल्या आल्या मी आमच्या ह्यांना सांगितलं, "त्याच्या गाडीचा आरसा हलतो."

हे मटार सोलत बसले होते. "पडला का?"

"नाही."

"मग हालू दे ना," हे म्हणाले.

तेवढ्या एका थरथरीवर मी तो आठवडा काढला.

पुढच्या रविवारपासून भाऊ आईला न्यायला लागला. आई माझ्याकडे राहते. तिचे गुडघे गेले आहेत, आणि भावाचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, तो आणि त्याची बायको दोघंही दिवसभर हॉस्पिटलात; तेव्हा ती माझ्याकडे राहणार हे कोणी ठरवावं लागलंच नाही. तिच्या गोळ्या, तिचं आंघोळीचं पाणी, रात्री उठली की काठी हाताशी देणं, हे माझं. मला त्याचं ओझं कधी वाटलं नव्हतं. पण त्या रविवारी ती फिरून आली ती ओळखू येईना. पांढरे केस भुतासारखे पिंजारलेले, गाल लाल, डोळ्यांत पाणी.

"काय हवा लागते वं!" खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. "वर पाह्यलं तं नुसतं आभाळ. झाडं अशी डोक्यावरून पळतेत. आन् त्यानं मले पोहे खाऊ घातले, तर्री टाकून."

"तर्रीचा तिखट रस्सा? आई, तुझ्या बीपीचं काय?"

"डॉक्टर हाये थो. त्याले समजत नाही का?"

माझ्या घरी ती मुगाच्या खिचडीपलीकडे काही मागत नसे. मी हौसेने काही केलं तरी दोन घास खाऊन ताट सरकवायची. आणि तिथे फुटपाथच्या कडेला, उघड्या गाडीत बसून तर्री-पोहे! आठवडाभर ती शेजारणींना त्या गाडीचंच सांगत राहिली. बटण दाबलं की टप कसं कासवाच्या मानेसारखं आत जातं, सीट कशी खालून गरम होते, पोरानं काय काय दाखवलं. पोरानं, पोरानं. मी शेजारच्या खोलीत मुलांचे पेपर तपासत असायची.

थंडी पडली तसं मी भावाला फोन केला. "आईला आता नको नेऊ. छाती भरेल तिची."

"अगं, मानेवर गरम हवा सोडते ही गाडी. डोकं टेकायची जागा आहे ना, तिथंच खाली जाळी आहे..."

"मला माहीत आहे कुठे आहे ते," मी म्हणाले. मला खरंच माहीत होतं. त्या जाळीमागे छोटा पंखा आणि तापणारी तार कशी बसवतात याची आकृती मी फळ्यावर काढली होती. "तरी नको."

रविवारी सकाळी आई कानाला मफलर गुंडाळून, स्वेटर घालून फाटकाशी तयार होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. गेली.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला, आणि त्यानंतर भाऊ यायचा थांबला. एक रविवार गेला, दुसरा गेला. आई दुपारपर्यंत स्वेटर काढायची नाही, मग गुपचूप काढून घडी करून ठेवायची. मला बरं वाटायला हवं होतं. पण तेही धड वाटेना.

मग आईच्या गुडघ्याचा एक्सरे दाखवायला मी धंतोलीला गेले. दुपारची ओपीडी नुकतीच आटोपली होती. हॉस्पिटलच्या खाली, ॲम्ब्युलन्सच्या पलीकडे, ती गाडी राखाडी कापडाखाली झाकलेली होती आणि कापडावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. मी कापडाचं टोक उचलून मागचं चाक पाहिलं. उभं राहून राहून टायर खालून बसका झाला होता.

वर जाऊन मी एक्सरे त्याच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "गाडी हलवत नाहीस का?"

त्याने एक्सरे उजेडात धरला. मग म्हणाला, "मले भीती वाटते ताई तिची."

"कशाची?"

"तो पाऊस झाला ना, त्या दिवशी. उड्डाणपुलावरून उतरताना वळणावर मी पाय दिला जरा जास्त. मागची बाजू गेलीच. म्हणजे गाडी पुढे आणि आपण आडवे. मले वाटलं संपलं." त्याने एक्सरे खाली ठेवला. "आई बाजूला होती."

आईने मला यातलं काही सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मग काही नाही. मी काहीच केलं नाही. गाडीनंच केलं. काहीतरी खडखडलं आणि ती आपोआप सरळ झाली. आईला कळलंसुद्धा नाही. मला म्हणे, मस्त वळवली गा."

बहीण म्हणून मी काय विचारायला हवं होतं ते मला समजतं. पण माझ्या तोंडून निघालं ते असं: "आधी शेपूट सुटली की आधी खडखडलं? खडखड पुढून आली की मागून? डाव्या बाजूने की उजव्या?"

"उजव्या बाजूने. पुढून. काहून?"

त्या पुलाच्या उतारावरचं वळण डावीकडचं होतं. म्हणजे गाडीने बाहेरच्या पुढच्या चाकाला स्वतःहून ब्रेक लावून मागची बाजू परत ओढून घेतली होती. हेच मी वर्षानुवर्षं बाण काढून काढून शिकवत आले होते, आणि ते घडलं ते त्याच्या पायाखाली, ज्याला ते काय होतं हे कळलंही नाही. मला भावाची काळजी वाटली नाही असं नाही. पण त्याआधी हेवा वाटला. तो अनुभव माझा होता आणि चुकून त्याच्या पत्त्यावर गेला, असं वाटलं.

मी त्याला कागदावर काढून दाखवलं. चार चाकं, वळण, कोणत्या चाकावर जोर कसा आला. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा असंच काढायचे. तुझ्यासाठी."

"तुझ्यासाठी पण काढलं असतं."

"नाही काढलं कधी. माझ्याशी ते मार्कांचं बोलायचे. कितवा आला, किती पडले, बस. तुम्ही दोघं अंगणात पाना-पक्कड घेऊन बसायचे आणि मी आत बसून जीवशास्त्राची घोकंपट्टी करायचो. हसायचे तुम्ही. मला आत ऐकू यायचं." त्याने एक्सरे पाकिटात घातला. "ही गाडी घेतली तेव्हा वाटलं, आता ताई तरी माझ्याशी बोलेल गाडीचं. तू म्हणाली, रंग बरा आहे."

त्याचं ऐकून माझं मन हलकं झालं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. झालं नाही. मला अंगणातल्या गप्पा मिळाल्या, त्याला मुंबईचं होस्टेल मिळालं. कोणी विचारलं असतं तर मी अदलाबदल केली असती. पण अदलाबदल तोही मागत होता, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

त्याने खणातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "घेऊन जा. चालव. काय आहे तिच्यात ते मला तरी सांग एकदा."

मी नाही म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी एकटीच निघणार होते, पण गाडी फाटकाशी पाहून आईने मफलर बांधायला घेतला.

"आई, मी चालवणार आहे. तो नाही."

"मंग? तुले येत नाही का?"

मी तिला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, पायावर शाल टाकली, छत उघडलं. मानेमागची गरम हवा चालू केली. सीट पुढे ओढली, आरसा माझ्या उंचीला लावला आणि स्टिअरिंगवर हात ठेवला.

पहिल्या चौकात सिग्नलला एक मोटरसायकलवाला शेजारी थांबला. दोन म्हाताऱ्या बाया पाहून त्याला गंमत वाटली असावी. "काकू, झेपते का एवढी मोठी गाडी?"

मी काही म्हणायच्या आत आई म्हणाली, "पोरायले शिकवते थे गाडीचं. तू आपलं समोर पाह्य."

दिघोरी मागे पडेपर्यंत चाकांतून धप-धप येत होती. बसके झालेले टायर होते ते. तापल्यावर ते गोल झाले आणि धप-धप थांबली. उमरेडचा रस्ता आता रुंद झाला आहे, सकाळी गर्दी नव्हती, एखादी एसटी, एखादा ट्रक. मी ते बटण दाबलं, ज्याला भावाने कधी हात लावला नव्हता. स्टिअरिंग हातात भरल्यासारखं झालं. मग हळूहळू पाय दिला.

इंजिन आधी नुसतं गुणगुणलं. मग त्याचा आवाज रुंद झाला, मग वर चढला, आणि कुठेही धक्का न देता गिअर बदलत ती जड गाडी मागून कोणीतरी तळहाताने ढकलावी तशी पुढे गेली. पुढची चाकं फक्त वळवायला, मागची ढकलायला. दोघांची कामं वेगळी असली की स्टिअरिंग इतकं निर्मळ लागतं, हे मी सांगत आले होते. हाताला पहिल्यांदा कळलं. रस्ता किंचित खडबडीत झाला की तळव्याला कळत होतं, पण तेवढंच; बाकी सगळं खाली कुठेतरी जिरत होतं. एका लांब वळणावर मी वेग सोडला नाही. बाहेरची बाजू जरा दबली, टेकली आणि तिथेच थांबली, जणू तिला माहीत होतं कुठवर झुकायचं ते. वारा डोक्यावरून जात होता, अंगावर येत नव्हता. कडेच्या शेतातला तुरीचा वास, पुढच्या ट्रकचा धूर, सगळं छताशिवाय सरळ नाकाशी येत होतं.

जुन्या डांबराच्या पट्ट्यावर आरसा थरथरला. मला तो दिसला. मी त्याच्याकडे फार पाहिलं नाही, कारण पुढे पुन्हा वळण होतं.

आईने माझ्या दंडावर हात ठेवला. "तो असा नाही चालवत वं."

"कसा चालवतो?"

"त्याची गाडी खाकरत खाकरत चालते. तुयी गाते."

आयुष्यात कोणी मला इतकं चांगलं काही म्हटलं नव्हतं, आणि ते आईने म्हटलं. मी ते लगेच मनात ठेवून दिलं. भावाला सांगायचं नाही असंही तिथल्या तिथेच ठरवलं. उमरेडच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही चहा घेतला. आईने आलुबोंडा मागितला, सगळा खाल्ला, मिरचीसकट. मी तिच्या बीपीचं नाव काढलं नाही.

गाडी परत करायला गेले तेव्हा भाऊ खाली उतरून आला. "सांग."

मी सांगितलं. स्टिअरिंगचं, इंजिनच्या सुराचं, वळणावर ती कशी बसते त्याचं. पाय कधी द्यायचा आणि कधी नाही ते. पार्किंगमध्ये उभे राहून आम्ही बराच वेळ बोललो. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हरही येऊन ऐकत उभा राहिला. शेवटी भाऊ म्हणाला, "मग तुझ्याकडेच ठेव ना. मी नाही चालवणार आता. खरंच."

ती दुसऱ्याने दिलेली म्हणून घरापुढे उभी राहिली असती, आणि लोक म्हणाले असते, भावाने दिली. "माझ्याकडे जागा कुठे आहे?" मी म्हणाले आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

रिक्षात बसल्यावर मला ते शब्द परत घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत.

एप्रिलमध्ये, नागपूर तापायला लागलं तेव्हा, त्याने ती रायपूरच्या कोणा व्यापाऱ्याला विकली. मला नंतर कळलं. मी फोनवर भांडले. "विचारायचं तरी होतं मला!"

"तूच नको म्हणाली होती ताई."

"तेव्हा नको म्हणाले होते."

तो हसला नाही आणि चिडलाही नाही. "चूक झाली," एवढंच म्हणाला. त्या रायपूरच्या माणसाचा हेवा मला अजून वाटतो. तो कोण, कसा दिसतो, मला माहीत नाही. तो तिला वळणावर नीट बसू देत असेल का, एवढाच विचार कधी कधी वर्गात शिकवताना मध्येच येतो.

परवा भाऊ घरी आला होता. आता त्याच्याकडे उंच, बंद, पांढरी गाडी आहे, सगळ्या डॉक्टरांकडे असते तशी. शेजारच्या काकू आईपाशी बसल्या होत्या आणि गोष्ट त्या निळ्या गाडीवर आली. भाऊ सोफ्यावर पेपर वाचत होता.

"तुमच्या मुलानं फिरवलं ना तुम्हाला खूप?" काकूंनी विचारलं.

"माह्या पोरीनं," आई म्हणाली. "उमरेडपावत नेलं मले. काय चालवली म्हणता! गाणं म्हणत होती गाडी."

तिने त्याच्या सगळ्या रविवारांचं नावही काढलं नाही. भावाने पेपर जरा वर धरला, चेहरा झाकला जाईल इतका. पान मात्र उलटलं नाही. मी त्याच्यापुढे चहा ठेवला, तरी त्याने वर पाहिलं नाही.

मला त्याची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण आधी बरं वाटलं, खूप बरं वाटलं, आणि मी आईला म्हणाले, "आई, काकूंना उमरेड रोडच्या त्या लांब वळणाचं सांग ना."

आईने सांगायला सुरुवात केली.